पाणी धरायचे कुठे, काढायचे कुठे: नाशिकच्या थंडीतली घरगुती निगा आणि घरचा खाऊ

डिसेंबरच्या मध्यावर निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशकातल्या घरोघरी दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, पोटरीवर नखाने पांढरी रेघ ओढता येते; आणि त्याच सुमारास तीळ, चिक्कीचा गूळ, सुके खोबरे आणि नागलीचे म्हणजे नाचणीचे पीठ वाण्याच्या यादीत चढते. पहिल्या तक्रारीवर मध, साय, बेसन, खोबरेल असे उपाय सुचवले जातात आणि दुसऱ्या कामात पाक जमला म्हणजे झाले असे मानले जाते. वरवर पाहता त्वचेची निगा आणि संक्रांतीचा खाऊ यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, परंतु दोन्हीकडे खरा प्रश्न पाण्याचाच असतो. त्वचेत ते टिकवून धरायचे असते, वडीतून ते बेताने काढायचे असते, आणि बाटलीत भरून ठेवलेल्या घरगुती लेपात ते राहिले तर लेप नासतो. स्वयंपाकघरातला कोणता पदार्थ पाण्याशी कसा वागतो एवढे कळले, की ऐकीव उपायांपैकी कोणता घ्यावा आणि कोणता सोडावा हे बरेचसे आपले आपल्यालाच ठरवता येते.

बेदाणा कसा सुकतो

ज्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत तिथे त्वचेचे शास्त्र समजावायला बेदाण्याची शेड पुरेशी आहे. ताज्या घडातल्या मण्यावर जी पांढुरकी झाक दिसते आणि बोट फिरवताच पुसली जाते, ती फवारणीची खूण असतेच असे नाही. बहुतेक वेळा ते द्राक्षाने स्वतः तयार केलेले मेण असते. मण्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते आणि हे मेण ते आत कोंडून ठेवते. त्यामुळे द्राक्षे नुसती पसरून ठेवली तर ती सुकायला इतका वेळ लागतो की त्याआधीच बुरशी धरते. म्हणून बेदाणा करणारे शेतकरी घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात. साधारण प्रमाण एका लिटरला 25 ग्रॅम आणि 15 मिलिलिटर असे असते. हे द्रावण अल्कधर्मी असते. त्याने मेणाच्या थराची वीण विस्कटते, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पंधरवड्याच्या आसपास मणी सुकून बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा उतरतो आणि त्यात जेमतेम पंधरा टक्के पाणी उरते.

आपल्या त्वचेची सर्वांत वरची पापुद्र्यासारखी पातळी अशीच काम करते. मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या फटींमध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध मिश्रण भरलेले असते. शरीरातले पाणी सतत थोडे थोडे या थरातून हवेत उडत असते. ते किती वेगाने उडेल हे त्या स्निग्ध मिश्रणावर आणि बाहेरच्या हवेवर ठरते. जानेवारीत सकाळी गारठा आणि दुपारी कोरडा वारा असला की हवा पाणी ओढून घ्यायला टपलेलीच असते. त्यात आपण कडकडीत पाण्याने आंघोळ करतो आणि अंगभर साबण चोळतो. त्वचेचा सामू (pH) साधारण 4.5 ते 5.5 म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या वडीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. गरम पाणी स्निग्ध मिश्रण सैल करते, साबण ते धुऊन नेतो, आणि बेदाण्याच्या हौदात मण्याचे जे होते तेच सौम्य प्रमाणात पोटरीचे होते. मग वरून काहीही लावले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चक्र पुन्हा सुरू होते.

त्यामुळे थंडीतला सर्वांत स्वस्त सौंदर्योपचार बंबाशी किंवा गीझरशी संबंधित आहे. पाणी कोमट ठेवावे, आंघोळ लांबवू नये, साबण काख, जांघा, पावले अशा गरजेच्या जागीच वापरावा. हा सल्ला रुचत नाही याची कल्पना आहे; पहाटेच्या गारठ्यात कोमट पाण्याने कोणाचे समाधान होत नाही. तरीही महागड्या लोशनच्या दोन बाटल्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

ओढणारे, झाकणारे आणि फटी बुजवणारे

त्वचेवर लावायच्या घरगुती पदार्थांची कितीही मोठी यादी केली तरी पाण्याच्या दृष्टीने त्यांचे तीनच धंदे असतात. मध, ग्लिसरीन आणि कोरफडीचा गर हे पाणी ओढून धरणारे पदार्थ आहेत. तूप, मधमाशांचे मेण आणि कोकमतेल हे वरून झाकण घालणारे पदार्थ आहेत. खोबरेल, सूर्यफूल, करडई यांसारखी तेले थोडेफार झाकतात आणि पेशींमधल्या फटी बुजवून खरखर कमी करतात. यातले कोणते कशासाठी हे लक्षात न घेता लावल्यामुळेच निम्म्या लोकांना उपायाचा गुण येत नाही. उदाहरणार्थ, नुसते ग्लिसरीन जाडसर थराने लावून कोरड्या हवेत बसले, तर हवेत ओढण्याजोगे पाणीच नसल्याने ते खालच्या थरातले पाणी वर ओढते आणि कातडी अधिकच ताणल्यासारखी वाटते. ग्लिसरीन नेहमी पाण्यात पातळ करून, ओलसर अंगावर आणि वर तेलाचा हात फिरवून लावावे.

हा क्रमच मुख्य आहे. आंघोळीनंतर पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपावे आणि त्वचा दमट असतानाच, मोरीतून बाहेर येण्याआधी, तळहातावर थोडे तेल घेऊन फिरवावे. तेलात पाणी नसते, त्यामुळे वाळलेल्या त्वचेवर लावलेले तेल ओलावा देऊ शकत नाही. जो ओलावा आहे तो राखणे एवढेच त्याच्या हाती असते. दिवाळीच्या अभ्यंगातही आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाणी असा क्रम आहे. आधी मुरलेले तेल उटण्याच्या आणि पाण्याच्या तडाख्यातून त्वचेची स्निग्धता बऱ्याच अंशी वाचवते. वर्षातून चार दिवस पाळली जाणारी ही रीत खरे तर सबंध हिवाळाभर उपयोगी आहे.

कोणते तेल घ्यावे यावर घरोघरी मतभेद असतात आणि त्यात चव, वास, माहेर-सासर असे बरेच काही मिसळलेले असते. शास्त्राच्या बाजूने एवढे सांगता येते की तेलातल्या मेदाम्लांचे प्रमाण महत्त्वाचे असते. सूर्यफूल आणि करडई यांच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या स्निग्ध थराला पोषक ठरते. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल जास्त असते. ते तो थर सैल करते, असे प्रौढांच्या त्वचेवर केलेल्या चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी मुद्दाम महागडे ऑलिव्ह तेल आणण्याचे कारण नाही. मोहरीच्या तेलाने तर काहींची त्वचा चुरचुरते. खोबरेल बहुतेकांना सोसते, मात्र ते चोवीस अंशांच्या खाली गोठते, म्हणून थंडीत बाटली आंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करावी. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर तिथे खोबरेल टाळावे.

ओठ आणि टाचा या दोन जागी मात्र तेल कमी पडते, त्यामागे शरीररचनेचे कारण आहे. ओठांवरचा संरक्षक थर फार पातळ असतो, आणि तळपायावर तो जाड असला तरी तिथे तेलग्रंथी नसतात. दोन्ही ठिकाणी जाड झाकण लागते. जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत कोकमतेलाचे पिवळसर पांढरे, कठीण गोळे मिळतात. कोकणातून येणारे हे तेल आमसुलाच्या बियांतून काढतात. ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून किंचित वर. त्यामुळे तळहातावर चोळले की ते मऊ पडते, पण लावल्यावर वाहून जात नाही. टाचा कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, टिपून, लगेच कोकमतेल चोळावे आणि सुती मोजे घालून झोपावे. भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना पाय दाखवावा.

ओठांचे मलम घरी करणे अवघड नाही. एक भाग मधमाशांचे मेण, एक भाग कोकमतेल आणि तीन भाग खोबरेल असे प्रमाण धरावे. मेण किसून घ्यावे, कारण ते साठ अंशांच्या वर वितळते आणि अख्खा तुकडा टाकला तर ते विरघळेपर्यंत बाकीची तेले उगाच तापत राहतात. वाटी थेट गॅसवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावी आणि मिश्रण नितळ झाले की उतरवावे. त्याचा एक थेंब गार स्टीलच्या ताटलीवर टाकून बोटाने दाबून पाहावा. बोटाला घसट लागली आणि थेंबाचा आकार राहिला तर प्रमाण बरोबर आहे. थेंब पसरला तर मेण वाढवावे, खडखडीत झाला तर खोबरेल. मग कोरड्या, लहान डब्यांत ओतून पटकन गार करावे, कारण हळूहळू निवले तर मलम कधीकधी रवाळ होते. वाटीत पाण्याचा शिंतोडाही जाऊ देऊ नये. याच प्रमाणाचे मलम मे महिन्यात पातळ पडते, त्या वेळी मेण थोडे अधिक घ्यावे. लिंबाचा रस, दालचिनीची पूड किंवा पुदिन्याचा अर्क घालण्याचा मोह टाळावा. फुटलेल्या ओठाला यातले प्रत्येक झोंबते.

चेहऱ्यावर काय थापू नये

बेसन आणि दही हा लेप निरुपद्रवी आहे आणि त्याचे काम समजण्यासारखे आहे. डाळीचे पीठ वरचे तेल टिपून घेते, दह्यातले लॅक्टिक आम्ल मृत पेशींची चिकट जोडणी थोडी सैल करते. मात्र लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवणे आणि मग खरवडून काढणे ही सवय घातक आहे. वाळणारे पीठ त्वचेतलेही पाणी घेऊन वाळते, आणि खरवडताना चांगल्या पेशीही निघतात. पाच-सात मिनिटांनी, लेप ओलसर असतानाच, पाण्याने भिजवून धुवावा. कोरड्या त्वचेच्या माणसाने थंडीत बेसनाऐवजी सायीत मुरवलेले बारीक ओटचे पीठ वापरणे बरे. अक्रोडाच्या सालीची पूड किंवा जाड साखर चेहऱ्यावर घासणे कोणालाच बरे नाही.

हळदीविषयी जितके सांगितले जाते तितके सिद्ध झालेले नाही. तिच्यातले कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून पाण्यात कालवलेली हळद चेहऱ्याला रंग देते, पण त्वचेत फारशी उतरत नाही. चेहरा पिवळा राहिला तर साबणाने घासू नये, तेलाचा बोळा फिरवावा. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका होतो, कारण कर्क्युमिन प्रकाशाने मोडते. फार उठावदार, भगवट पिवळ्या सुट्या हळदीपासून मात्र दूर राहावे. रंग चढवण्यासाठी हळकुंडांवर लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य लावण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि ते शिसे लेपापेक्षाही दुधातून पोटात गेलेले अधिक वाईट.

लिंबू आणि खाण्याचा सोडा हे दोन पदार्थ मी चेहऱ्याच्या यादीतून सरळ काढून टाकीन. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास असतो, त्वचेचा 5 च्या आसपास. आणि सामूच्या मोजपट्टीवर एक घर म्हणजे दहा पट फरक असल्याने हे अंतर हजार पटींचे होते. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. गोरे होण्यासाठी चोळलेल्या लिंबाने काळे डाग पडावेत, हा उलटा प्रकार त्वचारोगतज्ज्ञांना नेहमीचा आहे. सोड्याचे पाणी त्याच्या विरुद्ध बाजूला, 8 च्या वर असते आणि साबणासारखेच स्निग्ध थर उघडा पाडते. लसणाची पाकळी मुरुमावर बांधणे तर थेट रासायनिक भाजणे आहे.

कोरफडीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. पात कापल्यावर कापलेल्या कडेने पिवळा, कडू चीक ओघळू लागतो. तो सालीच्या लगत असतो, गर त्याच्या आत. या चिकातल्या ॲलोइनने त्वचा खाजते, आणि तो पोटात गेला तर जुलाब होतात. म्हणून पात कापून दहा-पंधरा मिनिटे पेल्यात उभी ठेवावी, चीक निथळू द्यावा, साल जाडसर सोलावी आणि गर धुऊन घ्यावा. नवा कोणताही पदार्थ आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावा. डोळ्यांत घरात तयार केलेले काहीही घालू नये, गुलाबपाणीदेखील.

केसांचे थोडक्यात सांगता येईल. न्हाण्याआधी लावलेले खोबरेल केसांच्या आत शिरते, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते. त्यामुळे धुताना केस कमी फुगतात आणि त्यातली प्रथिने कमी झिजतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांच्या तुलनेत खोबरेलाचा हा गुण दिसला होता. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांचा होता हे लक्षात ठेवावे, पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. कोंडा मात्र तेलाने जात नाही. कोंड्याशी संबंधित मॅलेसिझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते, तेव्हा कोंड्यावर तेल थापणे म्हणजे तिला जेवण वाढणे.

डब्यात काय टिकते

घरी केलेल्या वस्तूत परिरक्षक (प्रिझर्वेटिव्ह) नसतात ही जमेची बाजू म्हणून सांगितली जाते, पण त्याचाच अर्थ असा की ती वस्तू लवकर नासते. सूक्ष्मजीवांना वाढायला पाणी लागते, आणि तेही मोकळे. साखर किंवा मीठ पाण्याला बांधून ठेवते, म्हणून ओल्या दिसणाऱ्या मोरावळ्यात बुरशी सहज येत नाही. हे मोकळे पाणी 0 ते 1 या मोजपट्टीवर मोजतात. निव्वळ पाणी 1 वर असते, 0.85 च्या खाली रोग पसरवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत आणि 0.6 च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. मध 0.6 च्या आसपास असतो, म्हणून तो वर्षानुवर्षे राहतो. परंतु त्याच मधात गुलाबपाणी किंवा लिंबाचा रस घालून बाटली भरून ठेवली की पाणी मोकळे होते आणि आठ-पंधरा दिवसांत मध आंबतो.

या एका नियमावरून बाकीचे ठरते. कोरडे उटणे घट्ट झाकणाच्या डब्यात कित्येक महिने राहते, त्यात ओला चमचा जाता कामा नये. मेण-तेलाच्या मलमाला बुरशीची भीती नसते, ते खवट वास येईपर्यंत वापरता येते. दही-बेसन, साय, केळे, पपई यांचे लेप लावण्यापुरतेच करावेत आणि उरलेले टाकून द्यावेत. जवस उकळून केलेले केसांचे जेल आणि कोरफडीचा गर फ्रिजमध्येही चार दिवसांच्या पुढे ठेवू नये. निरनिराळ्या लेपांच्या वाट्यांनी भरलेला फ्रिज पाहिला की मला तरी सौंदर्यापेक्षा संसर्गाची आठवण होते. मधाबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, जन्मघुटीतही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून जीवघेणे विष तयार करू शकतात.

पाक, वडी आणि लाडू

खाऊच्या बाबतीत हाच हिशेब उलट्या दिशेने मांडायचा असतो. पाक म्हणजे साखरेच्या किंवा गुळाच्या द्रावणातले पाणी उकळून उडवणे. पाणी जसजसे कमी होते तसतसा पाकाचा उत्कलनबिंदू वर चढतो, म्हणून पाकाचे तापमान हे खरे तर त्यात उरलेल्या पाण्याचे माप असते. गोळीबंद पाक 115 अंशांच्या आसपास होतो, कडक चिक्कीचा पाक 146 ते 154 अंशांच्या दरम्यान. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनी एक दुरुस्ती करावी: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे, इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळते, त्यामुळे पुस्तकातल्या प्रत्येक आकड्यातून दोन अंश वजा करावेत. तापमापक नसला तरी बिघडत नाही, कारण पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून पाहण्याची आपली परीक्षा हेच मोजते.

तिळाची वडी करताना वजनाने तीळ आणि चिक्कीचा गूळ समान घ्यावा. तीळ मध्यम आचेवर, तडतडू लागून टपोरे दिसेपर्यंत भाजावेत. त्यातले पाणी गेले की ते कुरकुरीत होतात. रंग गडद झाला की कडवट होतात, आणि तो कडवटपणा कोणत्याही गुळाने झाकला जात नाही. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप आणि चिरलेला गूळ घालून मंद आचेवर वितळू द्यावा. आधी गूळ नुसता पातळ होतो, मग मोठे, सुस्त बुडबुडे येतात, मग ते बारीक आणि दाट होतात आणि कढईभर फेस चढतो. इथपासून दर अर्ध्या मिनिटाला गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहावा. सुरुवातीचा थेंब पाण्यात विरघळून तळाशी तांबूस ढग होतो. त्यानंतरचा थेंब बोटांनी गोळा करता येतो आणि दाबला की चपटा होतो. मऊ वडी आणि लाडवासाठी इथेच थांबावे. आणखी थोड्या वेळाने तोच थेंब वाटीच्या कडेवर आपटला की टण्ण वाजतो आणि वाकवला की मोडतो. हा चिक्कीचा पाक. गॅस बंद करून चिमूटभर सोडा घातला तर गुळातल्या आम्लाने आणि उष्णतेने वायू सुटतो, पाक फुलतो आणि चिक्की दाताला हलकी लागते. चेहऱ्यावरून हाकललेल्या सोड्याची खरी जागा ही आहे. मग तीळ घालून, तूप लावलेल्या ताटात ओतून, गरम असतानाच लाटून कापावे.

पाक अंगावर उडाला तर तो चिकटून बसतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. अशा वेळी भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या, गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नये. हे सगळे उष्णता आत कोंडतात आणि डॉक्टरांचे काम वाढवतात. बर्फही थेट लावू नये.

नागलीचे लाडू पाकाशिवाय होतात आणि म्हणून नवशिक्यांना सोपे जातात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या डोंगराळ पट्ट्यात नागली होते. तिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि धान्यांमध्ये हे प्रमाण फार मोठे आहे. मात्र कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या फायटेट या तिच्यातल्या द्रव्यामुळे ते सगळे अंगी लागत नाही. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून दळली तर फायटेट कमी होते आणि पीठ पचायलाही हलके होते. हे पीठ तुपावर खमंग वास सुटेपर्यंत भाजून त्यात किसलेला गूळ, वेलची आणि भाजलेले सुके खोबरे घालावे. पाणी जवळपास नसल्याने हे लाडू तीन-चार आठवडे राहतात. सुक्याऐवजी ओले खोबरे घातले की तेच लाडू दोन दिवसांत आंबूस होतात, एवढा फरक त्या एका जिनसाने पडतो. गूळ साखरेपेक्षा सौम्य म्हणून मधुमेह्यांना चालतो, हा समज मात्र चुकीचा आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते.

लाडवात घालायचे बेदाणेही घरी होतात. हंगाम संपता संपता, मार्च-एप्रिलमध्ये, सुटे मणी स्वस्त होतात. ते नीट धुऊन इडलीपात्रात पाच-सात मिनिटे वाफवावेत. वाफेने वरचे मेण वितळते आणि साल बारीक तडकते, म्हणजे डिपिंगच्या द्रावणाचे काम वाफ करते. मग गच्चीवर पातळ कापडाखाली चार-पाच दिवस वाळवावेत. एप्रिलची कोरडी दुपार या कामाला उत्तम असते. हे बेदाणे तपकिरी होतात; बाजारातल्या बेदाण्याचा पिवळाधमक रंग टिकतो तो बहुधा गंधकाच्या धुरीमुळे, आणि दमेकऱ्यांपैकी काहींना त्या धुरीचा त्रास होतो.

उरतो तो पावसाळा. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते आणि ते हवेतले पाणी फार लवकर ओढून घेते. म्हणून जानेवारीत कडकडीत राहिलेली चिक्की जुलैमध्ये डबा दोनदा उघडताच चिकट होते. आषाढात चिक्की करायचीच असेल तर गुळाऐवजी साखर घ्यावी, उघडीप असेल तो दिवस धरावा आणि निवताच हवाबंद डब्यात भरून, एकेका वेळी संपेल एवढेच लहान डबे करावेत. एकदा चिकट झालेली चिक्की तव्यावर गरम केल्याने पूर्ववत होत नाही, कारण वरचा थर एव्हाना पाकात परतलेला असतो. तिचा खलबत्त्यात चुरा करून नागलीच्या लाडवात घालावा, आणि असे लाडू आठवड्याच्या आत संपवावेत.